पोटातला गोळा आणि वळलेली मूठ : शाळेत 'भावनिक बुद्धिमत्ता' शिकवतात म्हणजे नेमकं काय करतात?

शाळा सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले की पालकसभा होते. गणवेश, बस, फी हे विषय संपतात आणि हल्ली शेवटी एक नवं वाक्य येतं : "यंदा मुलांना भावनिक बुद्धिमत्तेचं प्रशिक्षण देणार आहोत." सगळे माना डोलावतात. कुजबुज सुरू होते ती बाहेर फाटकापाशी. अशाच एका सभेनंतर वडगावातल्या एका आईने मला गाठलं. घरात चार माग चालतात त्यांच्या. दबक्या आवाजात म्हणाली, "टीचर, आमच्या पोराला बुद्धी कमी आहे म्हणून हे काढलंय काय?"

बेळगाव भागातल्या मराठी शाळांत मी सव्वीस वर्षं शिकवलं. ज्या शब्दाने आईच्या पोटात गोळा येतो, तो शब्द आधी नीट उलगडून सांगायला हवा असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

हा विषय आता टाळता येण्यासारखाही राहिलेला नाही. विशाखापट्टणममध्ये प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक किंवा मानसतज्ज्ञ हवा, विद्यार्थी कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संबंध ठेवावा, आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्यावं, असं त्यांत आहे. म्हणजे आज ना उद्या हे तुमच्या मुलाच्या शाळेतही येणार.

'बुद्धिमत्ता' या शब्दाने होणारा घोटाळा

पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ही कल्पना शास्त्रीय भाषेत मांडली. तिचा गाभा घरगुती शब्दांत सांगायचा तर असा : स्वतःच्या आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखता येणं, ते का चाललंय ते समजणं, आणि समजल्यावर काय करायचं ते ठरवता येणं. आजीला नातवंडाचा पडलेला चेहरा बघून "आज शाळेत काय झालं रे?" असं विचारावंसं वाटतं, तेव्हा ती हेच करत असते.

गणितातल्या हुशारीशी याचा फारसा संबंध नाही. पहिला नंबर काढणारी मुलगी तोंडी परीक्षेला उभी राहिली की थरथर कापते, आणि काठावर पास होणारा मुलगा दोन भांडणाऱ्या मित्रांना पाच मिनिटांत शांत करतो. अशी मुलं प्रत्येक शिक्षकाने पाहिली आहेत. सायकल शिकतात तसं हे कौशल्य सरावाने अंगवळणी पडतं. मूल कमी आहे म्हणून हा तास नसतो, सगळ्या वर्गाला असतो.

भीती आणि मारामारी एकाच घरातली

पालक दोन वेगवेगळ्या तक्रारी घेऊन येतात. एक म्हणतात, "दर सोमवारी हिच्या पोटात दुखतं, डॉक्टर म्हणतात काही नाही." दुसरे म्हणतात, "ह्याला जरा कुणी बोललं की हात उगारतो." पहिलीला चिंता म्हणायचं, दुसऱ्याला आक्रमकपणा. वरून बघता ही दोन टोकं दिसतात, पण दोन्हींची सुरुवात बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते.

शेतातल्या घरावर राखणीला कुत्रं असतं. चोर आला तरी भुंकतं, पाहुणा आला तरी भुंकतं. कोण आलंय ते ठरवणं त्याचं काम नाही, इशारा देणं हे त्याचं काम. मग घरातलं कर्तं माणूस बाहेर येतं, बघतं आणि म्हणतं, "गप, आपलाच माणूस आहे." आपल्या मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, त्याला अमिग्डला म्हणतात. तो हा राखणदार. धोका वाटला की काळीज धडधडायला लागतं, हात-पाय ताठतात, पोटात कालवतं. शरीर पळायला किंवा लढायला तयार होतं. कर्तं माणूस म्हणजे कपाळामागचा मेंदूचा भाग, थांबून विचार करणारा. आणि हा भाग पुरता पिकायला वयाची पंचविशी येते. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या घरी कुत्रं मोठं झालेलं असतं आणि कर्तं माणूस अजून लहान असतं.

म्हणून एकीचं शरीर 'पळ' म्हणतं आणि ती शाळाच टाळते, दुसऱ्याचं 'लढ' म्हणतं आणि तो मूठ वळतो. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. मुलाने घाबरलो म्हटलं तर त्याला "मुलगी आहेस काय?" असं ऐकवतात, चिडला तर चालवून घेतात. मग घाबरलेले कितीतरी मुलगे चिडूनच दाखवतात.

राखणदार दरवेळी चुकतो असंही नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आपल्या जिल्ह्यात किती घरांत पाणी शिरलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. ज्या लेकराने रात्रीत घर सोडलं, ते ढग भरून आले की वर्गात अस्वस्थ होणारच. त्याला "भित्रा" म्हणणं अन्यायाचं आहे. तो इशारा एकदा खरा ठरलेला असतो.

मग तासाला करतात तरी काय?

वडगाव-शहापूरच्या वाचकांना हे चटकन कळेल. मागावर ताण्याचा एक धागा तुटला की विणकर माग थांबवतो, तुटलेलं टोक शोधतो, गाठ मारतो आणि मग पुन्हा सुरू करतो. न बघता चालू ठेवला तर कापडावर उभी रेघ पडत जाते आणि सगळा वार वाया जातो. प्रशिक्षणात मुलांना हीच सवय लावतात : थांब, टोक शोध, गाठ मार.

थांबायला शिकवण्यासाठी श्वासाचा उपयोग करतात. श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात. हा शरीराचा साधा व्यवहार आहे, त्यात मंत्र-तंत्र काही नाही. टोक शोधायचं म्हणजे जे वाटतंय त्याला नाव द्यायचं. आधी शरीरात कुठे जाणवतंय ते, मग त्याचं नाव. हे पोरखेळ वाटेल, पण मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं की चेहऱ्यावरची भावना माणसाने शब्दात पकडली की अमिग्डलाची धावपळ कमी होते आणि कपाळामागचा भाग कामाला लागतो. "हा राग आहे" एवढं मनाशी म्हणणं म्हणजे कर्त्या माणसाला दारापर्यंत आणणं.

गाठ मारायची म्हणजे पुढे काय करता येईल ते शोधायचं. छोटी नाटुकली करतात : एकाने दप्तर लपवलंय, दुसऱ्याला राग आलाय, आता तीन वेगवेगळे शेवट करून दाखवा. त्यात मुलं रंगून जातात. साधारण आठवड्याला एक तास, काही महिने. एका दिवसाच्या कार्यशाळेने, फुगे आणि टाळ्यांनी, यातलं काही साधत नाही हे माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या तालमीतले वस्ताद हे फार आधीपासून करत आलेत. रागाने झोंबणारा पैलवान लवकर दमतो, डाव विसरतो, हे ते पोरांना पहिल्या महिन्यातच दाखवून देतात.

शब्द कुठल्या भाषेतले?

या प्रश्नाबद्दल कुणी बोलत नाही, आणि सीमाभागात तर तो पहिला विचारायला हवा.

माझ्या वर्गात खानापूर तालुक्यातून बहिणीकडे राहायला आलेला एक मुलगा होता, सातवीत. आठवड्याला एक तरी मारामारी. मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं, ओणवं केलं, पालकांना बोलावलं. आज त्याचं वाईट वाटतं. पुढे एका प्रशिक्षणात मला गोल पिवळ्या चेहऱ्यांचा एक तक्ता मिळाला, खाली इंग्रजी शब्द : हॅपी, सॅड, ॲंग्री, ॲंक्शस. रोज सकाळी मुलांनी तक्त्यावरच्या आपल्या मनासारख्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. तो रोज 'सॅड'वर ठेवायचा आणि जागेवर जाऊन बसायचा. सोपस्कार झाला.

एकदा मी तक्ता बाजूला ठेवला आणि फळ्यावर आपले शब्द लिहिले. खट्टू, हिरमुसलेला, वैतागलेला, चिडलेला, संतापलेला, रुसलेला, धास्तावलेला, ओशाळलेला, कानकोंडा. प्रत्येकाचा अर्थ मुलांनीच सांगायचा. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "टीचर, कानकोंडं. आजी म्हणायची माझी." कधी होतं तसं? "कन्नडच्या तासाला. मी वाचायला लागलो की सगळी हसतात." मारामाऱ्या बहुतेक त्या तासानंतरच व्हायच्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतके दिवस मी रागावर इलाज करत होते आणि दुखणं लाजेचं होतं.

याला संशोधनाचा आधार आहे. बोस्टनमध्ये राहणाऱ्या, तुर्की मातृभाषा आणि इंग्रजी दुसरी भाषा असलेल्या लोकांवर झालेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही भाषांतले शब्द ऐकवून त्यांच्या त्वचेवर उमटणारी सूक्ष्म प्रतिक्रिया मोजली. लहानपणी आई-वडील रागावतात तसली वाक्यं मातृभाषेत ऐकल्यावर शरीराने जास्त जोरात दाद दिली. ज्या भाषेत आपल्याला रागावलं, कुरवाळलं, झोपवलं, ती भाषा अंगात जास्त खोल उतरलेली असते.

आपल्याकडचं मूल घरी मराठी बोलतं, बसची पाटी आणि सरकारी कागद कन्नडमध्ये वाचतं, आणि नोकरीसाठी इंग्रजीकडे बघतं. तिन्ही भाषा त्याला याव्यात, कन्नड तर उत्तम यावी, रोजच्या जगण्यासाठी ती लागते. पण "मला काय होतंय" हे सांगायची वेळ आली की घरच्या भाषेचं दार उघडं हवं. शेजारच्या बाकावर कन्नड घरातली मुलगी असेल तर तिने रागाला 'सिट्टु' म्हणावं, भीतीला 'अंजिके' म्हणावं. जतच्या, अक्कलकोटच्या कन्नड शाळांतल्या मुलांनाही महाराष्ट्रात हाच हक्क आहे. 'बेजार' तर दोन्ही भाषांत एकच आहे. त्या एका शब्दावर माझ्या वर्गातल्या दोन मुलींची मैत्री जमली होती.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं"

होतं की. ओसरीवर आजी होती, आत्या होती, गल्लीत खेळायला वीस पोरं होती. भांडण झालं तर तिथंच मिटायचं. शब्द कानावर पडायचे, मोठी माणसं कशी रागावतात आणि कशी समजूत घालतात ते दिसायचं. आता निपाणीत विड्या वळणाऱ्या आईला मान वर करायला फुरसत नाही, बाप कामासाठी पुण्याला किंवा गोव्याला, आणि मूल मोबाइल घेऊन खोलीत. आधी न शिकवता मिळणारं आता शिकवावं लागतंय.

शिवाय, त्या वेळची सगळी मुलं ठीक होती असं मला तरी वाटत नाही. छड्या खाऊन गप्प झालेली, शाळा सोडून गेलेली मुलं आपल्या आठवणीत नाहीत, कारण ती बोललीच नाहीत.

"पोर डोक्यावर बसेल", "मार्कांचं काय?"

भावना मान्य करणं आणि वागणं मान्य करणं यांत फरक आहे. "तुला राग आलाय, समजलं. पण मारायचं नाही." ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणायची असतात. पहिलं गाळलं की मूल ऐकत नाही, दुसरं गाळलं की ते मोकाट सुटतं.

मार्कांबद्दल उत्तर सोपं आहे. २०११ साली अशा २१३ शालेय कार्यक्रमांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला, मुलं होती दोन लाख सत्तर हजारांहून जास्त. वागणूक सुधारली, मनावरचा ताण कमी झाला, आणि अभ्यासात सरासरी अकरा शतमानांची वाढ दिसली. म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत मधोमध उभं असलेलं मूल अकरा जागा पुढे सरकलं. मन धडधडत असताना पाढा आठवत नाही, हे तर आपणही अनुभवलंय.

पण हे दरवेळी जमतं का?

जमत नाही, आणि हे लपवून ठेवलं तर पालकांचा विश्वास उडेल. ब्रिटनमध्ये ८४ शाळांतल्या आठ हजारांहून जास्त मुलांवर ध्यानाधारित प्रशिक्षणाची मोठी चाचणी झाली. २०२२ साली निष्कर्ष आला : नेहमीच्या पद्धतीपेक्षा काही जास्त फायदा नाही. घरी सराव फार थोड्या मुलांनी केला होता.

आपल्याला जास्त जवळचा धडा बिहारचा आहे, आणि त्यामागची माणसं तर चोर्ला घाट उतरलं की लागणाऱ्या गोव्यातल्या संगथ या संस्थेची. नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी शाळांत नववीच्या मुलांसाठी 'सेहेर' नावाचा कार्यक्रम झाला. काही शाळांत तो नेहमीच्या शिक्षकांनी चालवला, काहींत त्यासाठीच नेमलेल्या स्थानिक, प्रशिक्षित पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी, आणि काहींत झालाच नाही. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी, हिंसा आणि उदासी कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत फरक पडला नाही.

एक शिक्षिका म्हणून हे वाचताना मला बोचलं. पण आश्चर्य वाटलं नाही. जनगणना, निवडणूक, दुपारचं जेवण, परीक्षा सांभाळणाऱ्या आणि शेवटी मार्क देणाऱ्या माणसापाशी मूल मन कसं मोकळं करेल? त्यासाठी वेगळं माणूस लागतं. ते फार शिकलेलं नसलं तरी चालेल, गावातलं असावं, वेळ असलेलं असावं.

चूक मुलाबाहेर असेल तर

या प्रशिक्षणावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप हाच. छडी मारणारे गुरुजी तसेच, आडनावावरून किंवा भाषेवरून चिडवणारी पोरं तशीच, आणि मार खाणाऱ्याला सांगायचं, "खोल श्वास घे." याला शिक्षण म्हणता येत नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. "ढ आहेस", "खेडवळ कुठला" असं वर्गासमोर म्हणणंही छळच. माझ्या त्या सातवीतल्या मुलाचा प्रश्न त्याच्या श्वासाने सुटला नाही. कन्नडच्या सरांशी मी बोलले. तेही मनाने चांगले, त्यांना हसण्यामागचं हे काही माहीतच नव्हतं. त्यांनी त्याला पंधरा दिवस मधल्या सुट्टीत एकट्याला वाचायला बसवलं, आणि हसणाऱ्यांना एकदा मराठी उतारा वाचायला लावला, कन्नड घरातल्या मुलांना. मग कुणी कुणाला हसेना. मारामाऱ्या एकदम थांबल्या नाहीत, पण दिवाळीनंतर महिन्याला एखादी उरली.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं?

शाळेतला तास म्हणजे उपचार नव्हे. झोप उडाली, जेवण सुटलं, मूल शाळेत जायलाच तयार नाही, आवडते खेळही नकोसे झाले, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर थांबू नका. "मी नसलो तर बरं" असं एकदा जरी म्हणालं तरी त्याच दिवशी मदत घ्या.

१४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. दिवसरात्र, फुकट, मराठी-कन्नडसह वीस भाषांत बोलता येतं. किशोरवयीन मुलांसाठी कर्नाटकातल्या सरकारी दवाखान्यांत 'स्नेहा क्लिनिक' असतात. मोठ्या तपासणीसाठी धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. मुलावर कुणी अत्याचार करत असेल तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करा.

पालकसभेत उठून काय विचारावं

हे तास कोण घेणार, आणि त्या माणसाला दुसरं काय काय काम दिलंय? किती आठवडे चालणार? मुलाने सांगितलेलं कुणाच्या कानावर जाणार, आणि कुणाच्या नाही? शिक्षकांनाही प्रशिक्षण आहे का, की फक्त मुलांना? एखादं मूल जास्त त्रासात दिसलं तर पुढे कुठे पाठवणार?

आणि तो तक्ता एकदा बघायला मागा. खाली इंग्रजीच शब्द असतील तर घरी जाऊन आजीला विचारा, तिच्याकडे किती शब्द आहेत ते. कागदावर लिहून शाळेत द्या. वडगावच्या त्या आईने दिला होता मला, मागाच्या हिशोबाच्या वहीतलं पान फाडून, सतरा शब्द. त्यातला 'हुरहुर' माझ्या यादीत नव्हता.